गोदावरीचा प्रवाह आणि पैठणचें धरण

नदी ज्याच्या शेताजवळून वाहते त्याचीच ती होय काय? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास राणीसावरगावच्या वाचकांस दूर जावयास नको. गंगाखेडावरून वाहणारी गोदावरीच तें देईल.

ही नदी नाशिक जिल्ह्यांत त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरि डोंगरांत उगम पावते. तेथून अरबी समुद्र जवळ असतांही जमिनीचा उतार पूर्वेस असल्यामुळें ती तिकडे वळते, आणि सुमारें १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरास मिळते. आल्प्स पर्वतांतील नद्यांस उन्हाळ्यांत वितळत्या बर्फाचें पाणी मिळतें. गोदावरीस तो आधार नाहीं. तिचें बहुतेक पाणी पावसाळ्याच्या चार महिन्यांत येतें. म्हणून तें अडवून ठेवणें प्राप्त झालें.

धरण प्रथम बीड जिल्ह्यांतील जायकवाडी गांवाजवळ व्हावयाचें होतें. पुढें पैठणची जागा ठरली, तरी नांव जुनेंच राहिलें. १९६५ सालीं लालबहादुर शास्त्री यांनीं पायाभरणी केली, व १९७६ सालीं इंदिरा गांधी यांच्या हस्तें धरणाचें उद्घाटन झालें. हा मातीचा बांध सुमारें १० किलोमीटर लांब असून त्यास २७ दरवाजे आहेत. डावा कालवा २०८ किलोमीटर लांब असून तो परभणी जिल्ह्यांत येतो. उजवा १३२ किलोमीटरांचा, तो माजलगांवच्या जलाशयास पाणी पोंचवितो. याच नाथसागराखालीं अनेक गांवें बुडालीं, हें भिजलेल्या शेताच्या धन्यानें विसरूं नये.

येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. एक ही कीं, कालव्याचें पाणी उतारानेंच जातें. जें शेत कालव्याहून उंच आहे, त्यानें आपल्या विहिरी व बांध यांवरच भिस्त ठेवावी. दुसरी ही कीं, पैठणच्या वरही धरणें आहेत. प्रवरेवरील भंडारदरा १९२६ सालींच पुरें झालें. नाशिकजवळ गंगापूर धरण आहे. अवर्षणांत वरच्यांनीं पाणी रोखलें तर खालच्यांनीं काय करावें? हा तंटा फार वाढला. २००५ सालच्या कायद्यानें असें तत्त्व घातलें कीं, तुटीच्या वर्षीं खोऱ्यांतील सर्वांनीं टंचाई सारखी वांटून घ्यावी.

नाशिककरांकडे आम्ही हा न्याय मागतों. तर मग आमच्याच चारीवर वरच्या शेतकऱ्यानें शेवटच्या शेतकऱ्याचें पाणी तोडावें काय? याचा विचार प्रत्येक गांवानें करावा.