आधी बोट, मग सेन्सर

दाब मोजणाऱ्या सेन्सरची पट्टी कृत्रिम पायाच्या सॉकेटमध्ये सरकवायच्या आधी पेशंटचा लायनर, म्हणजे आतलं मऊ आवरण, काढ आणि स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, खिडकीपाशी उजेडात बघ. लाल डाग कुठे आहेत ते पेनने खूण करून ठेव आणि घड्याळ लाव. दहा-पंधरा मिनिटांत लाली उतरली तर ठीक. नाही उतरली तर तिथे दाब जास्त आहे, आणि एवढं कळायला संगणक लागत नाही. तळाशी पोकळी आहे का हे बघायचं असेल तर लहान मुलांच्या क्लेची गोळी सॉकेटच्या बुडाशी टाकून पेशंटला उभं कर. गोळी अगदी चपटी झाली तर टोकावर भार येतोय, तशीच गोल राहिली तर स्टंप लोंबकळतोय. हा आमच्या पिढीचा सेन्सर, आणि तो बिघडत नाही.

मग तुझी पट्टी. कागदासारखी पातळ असते, दाबली की तिचा विद्युतरोध घटतो, एवढंच तिचं काम. सपाट टेबलावर ती बिचारी खरं बोलते. नडगीच्या धारेवर वाकवलीस की तिला चुणी पडते, आणि त्या चुणीचा दाब ती पेशंटच्या नावावर मांडते. तापली की आकडे सरकतात, आणि लायनरच्या आत तर कायमच उकाडा. म्हणून पट्टी बसवल्यावर आधी पेशंटला थोडं चालव, आत ऊब येऊ दे, मग पाय हवेत धरायला सांगून तो आकडा लिहून घे. काम संपल्यावर पुन्हा तसाच घे. दोन्हींत फरक मोठा असेल तर मधलं सगळं मापन रद्द समजायचं. आणखी एक: साधी पट्टी फक्त आत दाबणारा जोर मोजते. कातडी खेचणारा, घासणारा जोर तिला दिसतच नाही, आणि फोड तर घासण्यानेही येतात. स्क्रीनवर सगळं हिरवं आणि पेशंट म्हणतोय चावतंय, तर पेशंट खरा.

स्क्रीनवर लाल रंग दिसला की सॉकेट तापवून सैल करायला हात लगेच हीट गनकडे जातो, तो आवर. गुडघ्याखालच्या पायाच्या सॉकेटची जी रचना बर्कलीच्या लोकांनी १९५०च्या दशकाच्या शेवटी बसवली, तिच्यात गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडऱ्यावर मुद्दाम भार घेतात. तिथे आकडा मोठा यायलाच हवा. फिब्युलाच्या डोक्यावर मात्र त्याहून कितीतरी लहान आकडाही सोडू नकोस. तिथून नस जाते.

आता पट्टी खरी कशासाठी, ते ऐक. सकाळी नीट बसलेलं सॉकेट संध्याकाळी ढिलं होतं, कारण दिवसभरात बऱ्याच जणांच्या स्टंपमधलं पाणी ओसरतं. पेशंट तुझ्याकडे येतो सकाळी अकराला, ओपीडीत. त्याचा त्रास सुरू होतो सहाला, बसस्टॉपवर. बोटाला तो वेळ सापडत नाही, सेन्सरला सापडतो. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जोन सँडर्स यांच्या गटाने स्टंपमधून अगदी क्षीण वीजप्रवाह सोडून हे पाणी कसं वाढतं-घटतं ते वर्षानुवर्षं मोजलंय. माणसागणिक ते वेगळं असतं. बसल्या बसल्या थोडा वेळ पाय काढून ठेवला तर कित्येकांचा स्टंप पुन्हा भरतो, हेही त्यात दिसलं. आपल्याकडे डायलिसिसवाले पेशंट बघ: डायलिसिसच्या आधी पाय चढत नाही, नंतर खुळखुळतो. त्यांना नवं सॉकेट द्यायची घाई नको. एक, तीन आणि पाच प्लायचे मोजे द्यायचे आणि कधी कुठला घालायचा ते शिकवायचं. वाटीच्या खालच्या टोकाला टोचलं म्हणजे पाय आत रुतलाय, मोजा वाढव. पाय आत उतरतच नसेल तर कमी कर. हा धडा घरच्या माणसालाही दे, कारण मोजे धुणारं तेच असतं.

मोजताना पेशंटच्या पायात त्याचीच चप्पल असू दे. टाचेची उंची बदलली की दाबाची जागा बदलते. तुझ्या खोलीतल्या बुटात घेतलेलं मापन त्याच्या घरी लागू पडत नाही. आणि नुसत्या गुळगुळीत कॉरिडॉरमध्ये चालवून सोडू नकोस. जिना चढव, उतारावर ने, खाली बसव. आपली माणसं जेवायला जमिनीवर बसतात. मांडी घालताना सॉकेटची मागची कड मांडीमागच्या शिरांत कशी घुसते ते कॉरिडॉरमध्ये कधीच दिसायचं नाही.

घरचे लोक ‘सेन्सरवाला पाय’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात ओटोबॉक कंपनीचा १९९७चा सी-लेग किंवा तसला गुडघा असतो. त्यातले सेन्सर गुडघ्याचा कोन आणि पायावरचा भार वाचतात. सॉकेट कातडीला चावतंय का, याचा त्यांना पत्ता नसतो. कर्ज काढून गुडघा घ्यायला निघालेल्या कुटुंबाला हे स्पष्ट सांग, आणि आधी सॉकेटवर खर्च करायला लाव. विक्रेता रागावेल, रागावू दे.

साखरेच्या पेशंटसाठी मात्र हात आखडता घेऊ नकोस. त्याला दुखतच नाही, म्हणून तो तक्रारही करत नाही, आणि जखम थेट ड्रेसिंगच्या वेळी समजते. तिथे दाबाच्या पट्टीबरोबर तापमानाचा सेन्सरही लाव, आणि रोज रात्री आरसा धरून स्टंप बघायची सवय लाव. सेन्सर बंद पडला तरी आरसा चालू राहतो.

आणि रिपोर्टवर आकड्याशेजारी तीन गोष्टी लिही: मापन किती वाजता घेतलं, त्या वेळी किती प्लायचा मोजा होता, पायात काय होतं. या तीन नसतील तर पुढच्या भेटीत तुला स्वतःलाच त्या आकड्यांचा अर्थ लावता येणार नाही.