चित्र तुमचं, हक्कही तुमचा

ताईंनो, मागच्या महिन्यात दिघ्यातल्या आपल्या एका गटाच्या बैठकीत एक ताई गप्प गप्प बसल्या होत्या. त्या मूळच्या जव्हारकडच्या, वारली समाजाच्या. त्यांनी काढलेलं तारपा नाचाचं चित्र एक व्यापारी पिशव्यांवर छापून विकत होता. नमुन्याचा फोटो ताईंनीच त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. म्हणाल्या, "वारली तर सगळेच काढतात. मी कोणत्या तोंडाने भांडू?"

इथेच आपली गल्लत होते. वारली ही शैली अख्ख्या समाजाची ठेव आहे. तिला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण त्या शैलीत तुम्ही स्वतःच्या मनाने जुळवलेलं चित्र तुमचं असतं. डहाणू भागातल्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. शैली सगळ्यांची, तरी त्यांची चित्रं त्यांच्याच नावाने ओळखतात ना?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र काढलं की हक्क लगेच मिळतो, नोंदणीची सक्ती नाही. तो तुमच्या हयातीत तुमचा आणि नंतर ६० वर्षं वारसांचा.

एवढं कराच:

१. चित्राखाली नाव घाला. तारखेसह फोटो काढा, कच्चं रेखाटन जपून ठेवा.

२. व्यापाऱ्याशी व्यवहार कागदावर करा: किती नग, किती दिवस, किती पैसे. तुमच्या सहीशिवाय हक्क त्याच्या नावावर होत नाही. हक्क लिहून देताना मुदत घातली नाही, तर ५ वर्षं धरतात.

३. एकच नक्षी ५० हून जास्त वस्तूंवर छापायची असेल, तर आधी डिझाईन नोंदणीची चौकशी करा. नाहीतर कॉपीराइट हातचा जाऊ शकतो.

४. नक्कल दिसली तर स्क्रीनशॉट घ्या, एक वस्तू पावतीसह विकत घ्या. जाणूनबुजून चोरी केल्यास ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो. नुकसानभरपाईचा दावा आपल्याच जिल्ह्यात, म्हणजे ठाण्यात लावता येतो.

वकिलाच्या फीची धास्ती नको. बाईमाणसाला उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. फोन लावा १५१०० वर.

आपल्या ताईंकडे कच्चं रेखाटन आहे आणि तो व्हॉट्सअ‍ॅप मेसेजही, तारखेसकट. मेसेज पुसू नका, एवढंच मी तेव्हा सांगितलं. आता त्यांनी ठाण्याला अर्ज दिलाय. निकाल लागेल तेव्हा लागेल, पण त्या आता गप्प बसत नाहीत.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपली एक नक्षी आणा. मागे नाव आणि तारीख आपण मिळून लिहू.