यदुराजाचा प्रश्न आणि आपले कार्यकर्ते



दत्तभक्तहो, चोवीस गुरूंची कथा आपण सगळेच ऐकत आलो. पृथ्वी, वायू, आकाश अशी नावं घरातल्या पोरांनाही पाठ असतात. पण ही कथा निघाली कशातून, तिकडे आपलं लक्ष कमी जातं. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा एका अवधूताला प्रश्न विचारतो. परंपरा त्या अवधूताला दत्तप्रभूच मानते. प्रश्नाचा आशय असा, की काम आणि लोभ यांच्या वणव्यात सगळे लोक होरपळत आहेत, तुम्हाला मात्र त्याची धग नाही. गंगेच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या हत्तीसारखे तुम्ही शांत आहात, हे कसं?

विचारणारा राजा आहे, हे ध्यानात घ्यावं. ज्याच्या डोक्यावर पुष्कळांचा भार, त्याला जळण्याची गोष्ट आधी कळते.

हल्ली नोकरीतली मुलं ‘बर्नआउट’ म्हणतात, त्याचाही अर्थ जळून जाणं हाच. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली आपल्या वर्गीकरणात त्याची नोंद घेतली. आजार म्हणून नव्हे, तर कामाचा ताण वेळेवर न आवरल्याचा परिणाम म्हणून. खुणा तीन सांगितल्या. अंगातली शक्ती संपल्यासारखी वाटते, कामावरून मन उडतं किंवा कडवट होतं, आणि कामाचा उरक घटतो. त्यांनी हे नोकरीपुरतं धरलं आहे. मला विचाराल तर देवळाच्या मंडळातही या तिन्ही खुणा दिसतात, आणि तिथे तर पगारी रजासुद्धा नसते!

आपल्या भंडारा जिल्ह्यात दत्तजयंती येते ती धानाच्या गडबडीत. कुणाचं चुरणं सुरू, कुणाचे पुंजणे अजून बांधीतच. अशात सप्ताहाची वर्गणी, मंडप, वाचकांची सोय, महाप्रसादाचे तांदूळ, सगळं दोन-तीन माणसांवर येतं. पहिल्या वर्षी तो माणूस हसत धावतो. पाचव्या वर्षी तोच पावतीपुस्तक आपटतो. आमच्याकडच्या एका तरुण सचिवांना मी म्हटलं, “भाऊ, दोन दिवस घरी झोपा.” ते म्हणाले, “काकाजी, मी नाही केलं तं कोन करते, सांगा?” या वाक्यात निष्ठा आहे, नाही असं नाही. पण ‘मी’ किती मोठा झाला, तेही त्यातच आहे.

चोवीस गुरूंत एक कुमारिका आहे. घरी पाहुणे आले, ती धान कांडायला बसली. हातातल्या बांगड्या वाजू लागल्या. पाहुण्यांना घरची गरिबी कळेल म्हणून तिने त्या कमी केल्या. दोन ठेवल्या तरी वाजल्या, मग हाती एकेकच ठेवली. यावरून एकांताचा उपदेश सांगतात, तो बरोबरच आहे. धानाच्या मुलखात राहणाऱ्या मला मात्र त्यात आणखी एक दिसतं. तिला स्वतःच्या हाताचा आवाज ऐकू आला, आणि तोही काम चालू असताना. शिवाय तिने कांडणं थांबवलं नाही, बांगड्या कमी केल्या. आपण सेवा सोडायची की नाही यावर वाद घालत बसतो; वाजतंय काय, ते तपासत नाही. घरच्यांवर ओरडणं, आरतीला उभं असताना डोक्यात हिशेब चालणं, दुसऱ्याने केलेलं काम पुन्हा स्वतः करणं, या आपल्या बांगड्या.

आता आपल्या विदर्भातलीच खरी घटना सांगतो. विनोबा भावे 1921 पासून वर्ध्याला आश्रमाचं काम पाहत होते. 1938 पर्यंत त्यांची प्रकृती इतकी उतरली की वजन 88 पौंडांवर आलं, म्हणजे सुमारे 40 किलो. गांधीजींनी बोलावून घेतलं आणि हवापालट करायला सांगितलं. थंड हवेच्या ठिकाणाऐवजी विनोबांनी जवळचंच पवनार निवडलं. तिथे जमनालाल बजाज यांचा बंगला रिकामा होता. गांधीजींची अट एकच, आश्रमाची सगळी चिंता सोडायची. धाम नदीचा पूल ओलांडताना विनोबांनी संन्यासाचे शब्द तीनदा उच्चारले आणि आश्रमाचा विचार खरोखरच बाजूला ठेवला. तिथे ते थोडं थोडं खणण्याचं काम करू लागले, पहिल्या दिवशी जेमतेम पाच मिनिटं. दहा महिन्यांत वजन 128 पौंडांवर गेलं. पुढे 1951 मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, हाच माणूस भूदानासाठी चालू लागला आणि तेरा वर्षं चालत राहिला.

एवढा आत्मपरीक्षण करणारा पुरुष, त्यालाही थांबा म्हणायला दुसरं कुणी लागलं. म्हणून मला वाटतं, स्वतःला ओळखण्याचं काम एकट्यावर सोडू नये. मंडळाच्या प्रमुखाला ‘तुमचा आवाज चढला’ असं तोंडावर सांगू शकेल, असा एक तरी माणूस असावा. बहुधा ती बायकोच असते, पण तिचं ऐकतो कोण!

पवनारच्या त्या जमिनीत खणताना विनोबांना राम-भरत भेटीचं प्राचीन शिल्प सापडलं. भरताने चौदा वर्षं राज्य चालवलं ते नंदिग्रामात बसून. सिंहासनावर होत्या पादुका. आपल्या संप्रदायाला हे नवीन नाही. श्रीनृसिंहसरस्वती महाराज औदुंबरला एक चातुर्मास राहिले, वाडीला बारा वर्षं, मग गाणगापूरला. आणि प्रत्येक ठिकाणी मागे पादुका ठेवून पुढे गेले. भक्त रडले, तरी निघाले. आज तिन्ही स्थानं चालू आहेत.

बँकेत आम्हाला याची सवय नियमाने लागत असे. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे. एकट्याने उघडायची नाही. संवेदनशील जागेवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, आधी न कळवता, सलग किमान 10 कामाच्या दिवसांची सक्तीची रजा, हा तर रिझर्व्ह बँकेचा दंडक. हेतू गैरव्यवहार पकडण्याचा, पण रजेवरून आलेल्याला शाखा आपल्याशिवाय चालली हेही दिसे. काहींना त्याचा आनंद होई, काहींना राग येई. ज्याला राग आला, त्याने त्या रागाकडे जरा बघावं.

आमच्या मंडळात यंदा कोठीच्या किल्ल्या दोघांकडे दिल्या आहेत, आणि वर्गणीची वही रोज रात्री आरतीनंतर दुसऱ्याच्या हाती जाते. सचिवभाऊ सप्ताहाचे मधले दोन दिवस पवनीला बहिणीकडे जाणार आहेत. फोन घरी ठेवून जायला मात्र ते अजून तयार नाहीत.