योगासने : मुलांसाठी खेळ, घरासाठी मेळ

‘योग’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे पद्मासनात बसलेली, डोळे मिटलेली एक गंभीर व्यक्ती येते. त्यामुळे योग हे मोठ्यांचे, किंबहुना सेवानिवृत्तांचे काम आहे, असा समज रुजला आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०१४ मध्ये २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून मान्य केला व २०१५ पासून तो शाळाशाळांतून साजरा होऊ लागला. मुले रांगेत उभी राहतात, गुरुजी आकडे मोजतात, फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी सतरंज्या गुंडाळून ठेवल्या जातात. मग वर्षाच्या उरलेल्या दिवसांचे काय? आमच्या मते याचे उत्तर घरात आणि खेळात आहे.

आसनांतच खेळ आहे

आसनांची नावे पाहा. भुजंग म्हणजे साप, मार्जार म्हणजे मांजर, मंडूक म्हणजे बेडूक, मकर म्हणजे मगर, उष्ट्र म्हणजे उंट, शलभ म्हणजे टोळ. जुन्या जाणत्यांनी पशुपक्ष्यांकडे पाहूनच ही नावे ठेवली. लहान मूल तर न शिकवताही मांजर होते, बेडूक होते.

आपले देशी खेळही या विद्येपासून फार दूर नाहीत. लंगडीत एका पायावर तोल सांभाळावा लागतो, वृक्षासनातही तेच. हुतूतूत चढाई करणाऱ्याला एका दमात परत यावे लागते. हुतूतू म्हणजे प्राणायाम नव्हे, हे खरे. परंतु आपल्याला श्वास आहे आणि तो मोजून वापरता येतो, याची पहिली जाणीव अनेकांना त्या मैदानातच झाली. १९२४ साली लोणावळ्यास ‘कैवल्यधाम’ स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद हेही बडोद्याच्या प्रा. माणिकरावांकडे देशी व्यायाम शिकलेले होते. आखाडा आणि योग यांचे नाते असे जुने आहे.

नियम हवा, विजेता नको

येथे एक गोष्ट विद्यार्थी व पालक दोघांनीही लक्षात घ्यावी. आपल्या मुलांच्या वाट्याला स्पर्धा काही कमी नाही. परीक्षेत गुण, वर्गात क्रमांक, नातेवाइकांत तुलना. त्यात आसनांचीही स्पर्धा लावली, तर लवचीक अंगाचे मूल टाळ्या घेते आणि ज्याचे गुडघे वाकत नाहीत ते मूल पुन्हा सतरंजीवर येत नाही. वास्तविक व्यायामाची गरज त्यालाच अधिक असते. म्हणून खेळाला नियम असावेत, पण कोणी ‘बाद’ होऊ नये. हरायचे तर सर्वांनी मिळून आणि जिंकायचेही सर्वांनी मिळून.

घरी खेळता येतील असे चार खेळ

१) वाऱ्यातली झाडे : सर्वांनी गोल उभे राहून शेजाऱ्याच्या तळव्याला तळवा लावावा. एक पाय उचलून दुसऱ्या पायाच्या घोट्याशी किंवा पोटरीवर टेकवावा, गुडघ्यावर नव्हे. एकाने वाऱ्याची गोष्ट सांगावी : आता झुळूक, आता वादळ. कोणाचाही पाय टेकला की सर्वांनी पुन्हा एकपासून मोजायचे. काल बारापर्यंत मजल गेली असेल, तर आज पंधरा.

२) डब्यातले प्राणी : प्राण्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकाव्यात. ज्याला जी चिठ्ठी येईल त्याने आवाज न करता ते आसन करावे, इतरांनी ओळखावे. आजीला खाली बसवत नसेल तर तिने खुर्चीवर बसून सिंह करावा. जीभ बाहेर काढून गर्जना करणारी आजी पाहिली की घरातला रुसवा टिकत नाही! सिंहाला तेवढी आवाजाची सवलत द्यावी.

३) पूल आणि आगगाडी : आई किंवा बाबांनी हात-पाय जमिनीवर टेकून कंबर वर उचलावी. हा झाला पूल. खालून मुलांची गाडी रांगत जाईल. गाडी गेली की पुलाने गुडघे टेकून विश्रांती घ्यावी.

४) पोटावरची होडी : शेवटी सर्वांनी उताणे निजावे. मुलाच्या पोटावर कागदाची होडी ठेवावी. श्वास आत गेला की होडी वर येते, सोडला की खाली जाते. होडी बुडू द्यायची नाही, एवढाच नियम. ‘शांत पड’ असे दहा वेळा सांगून जे होत नाही, ते ही होडी करते.

घ्यावयाची काळजी

जेवणानंतर दोन-तीन तास हे खेळ टाळावेत. जमीन घसरडी नसावी. लहान मुलांना श्वास रोखून धरायला लावू नये, शीर्षासनासारखे प्रकार घरच्या घरी करू नयेत. दमा, हृदयविकार किंवा फिट येण्याचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. दुखले की थांबायचे, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे चांगली हालचाल हवी. तेव्हा हे खेळ मैदानाला पर्याय नाहीत, जोड आहेत.

सर्वांनी खेळावे

आपल्याकडे मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की तिचा खेळ हळूहळू बंद होतो. भाऊ मैदानावर जातो आणि तिच्या हाती झाडू येतो. आईने शेवटचा खेळ कधी खेळला, हे तर तिलाही आठवत नाही. दाराच्या आत, दहा बाय बाराच्या खोलीत, अंथरुणे घालण्यापूर्वीची पंधरा मिनिटे या दोघींना त्यांचा खेळ परत देऊ शकतात. मात्र त्यासाठी त्या दिवशीची भांडी सर्वांनी मिळून घासावी लागतील. आम्ही दिवसभर खुर्चीवर बसून आकडेमोड करणारी माणसे. आमच्या पाठीलाही ही पंधरा मिनिटे मानवतील.

साहित्य म्हणाल तर एक सतरंजी, एक डबा आणि कागदाचा एक तुकडा. खर्च काहीच नाही. विद्यार्थी मित्रांनो, आज रात्री चिठ्ठ्या तुम्ही लिहा आणि पहिली चिठ्ठी बाबांना उचलायला लावा.