कांद्याच्या हिशेबपट्टीला कोणती भाषा?

प्रश्न : कळवणच्या अडत दुकानासाठी हिशेबपट्टीचं सॉफ्टवेअर लिहितोय. पायथन थोडंफार येतं. मित्र म्हणतो, जावा शिक. काम कशात लवकर उरकेल?

उत्तर : पायथनमध्येच. लुट्झ प्रेचेल्ट यांनी २००० साली एकाच कामाचे सात भाषांतले प्रोग्राम ताडून पाहिले. पायथन-पर्लवाल्यांना सी-जावाच्या साधारण निम्माच वेळ लागला होता. (वेळ त्यांनी स्वतःच सांगितलेला, तेव्हा थोडी सूट धरा.) जावाची शिस्त दहा जण मिळून लिहितात तिथे कामी येते. मात्र रुपये दशांशात ठेवू नका. पायथनमध्ये ०.१ अधिक ०.२ नेमके ०.३ होत नाहीत. सतराव्या स्थानी ४ चिकटतो. रक्कम पैशांत, पूर्णांकातच मोजा. खरा वेळ खाईल ती हमाली, तोलाई, वाराई. त्यांचे नियम आधी दिवाणजींकडून लिहून घ्या.