दुकानातल्या कॉम्प्युटरला राऊटर सापडतो कसा?

बिलिंगच्या कॉम्प्युटरला केबल लावली की नेट सुरू होतं. राऊटरचा पत्ता तर आपण कुठेच टाकलेला नसतो!

कॉम्प्युटर नेटवर्कवर सगळ्यांना हाक मारतो: मला पत्ता कोण देतंय? ही डीएचसीपी पद्धत. राऊटर सांगतो, हा तुझा पत्ता, आणि बाहेर जायचा दरवाजा, म्हणजे गेटवे, १९२.१६८.१.१. आयपीव्ही६मध्ये तर राऊटर स्वतःच अधूनमधून 'मी इथे आहे' अशी दवंडी पिटतो.

गोम अशी की कॉम्प्युटर उत्तर देणाऱ्याची ओळख विचारत नाही. बहुधा जो आधी बोलेल त्याचं ऐकतो. रेंज वाढवायला घरचा जुना राऊटर आणून त्याच्या लॅन पोर्टात वायर खोचली, की दुकानाला दोन मालक! काही मशीनना चुकीचा दरवाजा मिळतो. कार्ड मशीन नुसतं फिरत बसतं, गिऱ्हाईक ताटकळतं, आणि आपण शिव्या घालतो नेटवाल्याला.

म्हणून जुना राऊटर जोडण्याआधी त्यातलं डीएचसीपी बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ताही बदला. शंका आली तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग ही कमांड द्या (इंग्रजी अक्षरांत, सलग). चालू आणि बंद पडलेल्या मशीनवर 'डिफॉल्ट गेटवे'चा आकडा वेगळा दिसला, तर वायरचा माग काढत दुसरा राऊटर गाठा.