नाकाच्या शस्त्रक्रियेचा हिशेब वर्षभराचा मांडा

साधारण सातव्या दिवशी नाकावरचा साचा निघतो आणि आरशात पाहून अनेकांच्या पोटात गोळा येतो. नाक आधीपेक्षा जाड दिसतं, शेंडा बधिर असतो, हसताना वरचा ओठ ताठ वाटतो. एवढ्यावरून शस्त्रक्रिया बिघडली असं समजू नका. डोळ्यांखालचे काळेनिळे डाग दोनेक आठवड्यांत जातात, पण शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्ष लागतं. त्वचा जाड असेल तर त्याहूनही जास्त. म्हणून खर्चसुद्धा बाराव्या महिन्यापर्यंतचा विचारून घ्या.

श्वासासाठी की रूपासाठी?
पडदा वाकडा असल्यामुळे श्वास अडत असेल, तर त्या शस्त्रक्रियेला आरोग्य विमा मिळू शकतो. मात्र अनेक पॉलिसींत त्यासाठी दोन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. निव्वळ रूपासाठी केलेला खर्च विम्यात बसत नाही. शिवाय त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. समजा, पॅकेज 1,20,000 रुपयांचं आहे, तर कराचेच 21,600 रुपये होतात. सांगितलेल्या आकड्यात कर धरला आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा. दोन्ही कामं एकत्र होणार असतील, तर प्रत्येकाचा खर्च वेगळा लिहून घ्या.

अंदाजपत्रकात काय हवं?
सर्जन आणि भूलतज्ज्ञांची फी, ऑपरेशन थिएटर, खोली, रक्ततपासण्या, औषधं, साचा काढणं आणि वर्षभराच्या फेरतपासण्या. कामावरची आठ-दहा दिवसांची रजाही हिशेबात धरा. चष्मा काही आठवडे नाकावर टेकवता येत नाही, त्याची सोय आधीच करा.

दुरुस्ती करावी लागली तर?
हा प्रश्न विचारायला संकोचू नका. दुसरी शस्त्रक्रिया सहसा वर्षभरानंतरच करतात. ती अधिक अवघडही असते: पडद्यातली कूर्चा आधीच वापरलेली असेल, तर कानाची किंवा बरगडीची घ्यावी लागते. त्या वेळी सर्जनची फी माफ झाली, तरी भूल आणि थिएटरचा खर्च कोणाकडे, हे आजच कागदावर आणा.

वाट पाहू नका
न थांबणारा रक्तस्राव, ताप, पू, वाढत जाणारी वेदना किंवा नाकाच्या आत फुगवटा येऊन श्वास अचानक बंद होणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. पडद्यात साचलेलं रक्त वेळेत काढलं नाही, तर कूर्चा गळून नाक खचू शकतं.

कागद जपा
संमतिपत्र, बिलं आणि डिस्चार्ज कार्डाच्या प्रती ठेवा. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर दर महिन्याला, एकाच खिडकीपाशी, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा. सूज उतरते आहे की नाही, हे रोजच्या आरशापेक्षा हे फोटो नीट सांगतात. हलगर्जीपणा झाल्याची शंका असेल, तर आधी दुसऱ्या तज्ज्ञाचं मत लेखी घ्या. ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते. त्यातलं एक वर्ष सूज उतरण्याची वाट पाहण्यातच जातं, म्हणून कागदांची फाइल पहिल्या दिवसापासून तयार ठेवा.